राखणदाराचा हंगाम

माघ सरत आला की म्हसरूळच्या आमच्या फ्लॅटखालून, दिंडोरी रोडनं, द्राक्षांचे टेम्पो धावायला लागतात. क्रेटवर क्रेट रचलेले, वरून जाळी, आणि ड्रायव्हर असा हाकतो जणू मागे सिमेंटच्या गोण्या भरल्यात. प्रत्येक खड्ड्याला मी वरून ओरडते, “हळू रे!” आता बाग वाट्यानं दिलेली, माल दुसऱ्यानं पिकवलेला, पण सवय थोडीच जाते? खाली कोपऱ्यावर एक हातगाडीवाला उभा असतो. गिऱ्हाईक आलं की घड मुठीत धरून उचलतो आणि झुलवून दाखवतो. परवा मी त्याला झाडलाच. “अरे, देठाला धर ना! मण्यावरची सगळी झाक पुसून टाकलीस.” तो म्हणाला, “मावशी, घ्यायची तर घ्या, नाहीतर जाऊ द्या.” घेतली. वर आणून नानांपुढे ठेवली.

नाना म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं म्हणून मीही म्हणते. समोर असले की ‘अहो’. ते दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले असतात. त्यांनी एक मणी तोडला, उजेडाकडे धरला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. “साखर उतरली हाय,” म्हणाले. “आता राखणीला लागा.” मग डोळे उघडून माझ्याकडे वळले आणि अगदी अदबीनं विचारलं, “तुमची बाग कुठंशी, बाई?”

द्राक्ष कळतं, मी कळत नाही. हा आजार काय ठेवायचं आणि काय न्यायचं ते कसं ठरवतो, हे मी डॉक्टरांना विचारून पाहिलं. त्यांनी डोक्याचा फोटो दाखवला, इंग्रजी नावं सांगितली. भला माणूस आहे.

मळ्यात होतो तेव्हा हा हंगाम नाकानं कळायचा. पौषात गंधकाचा वास, पहाटे बागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर, ओल्या काड्यांनी चुरचुरणारे डोळे. थंडी फार पडली की मणी तडकतात, म्हणून उजाडायच्या आधी शेकोट्या. मग मण्यात पाणी भरायला लागतं आणि सगळी बाग जड होते. कच्च्या हिरव्या मण्यांवर हळूहळू पिवळसर छटा येते. घडाघडाला कागद बांधायला बायका येतात. त्यांची बडबड, हसणं, मधूनच एखादीचं गाणं. दुपारी त्या बागेतच भाकरी सोडायच्या आणि मी कालवणाचं पातेलं घेऊन जायचे. मांडवाखाली वाकून चालावं लागतं, वरून पानांचं छत, उन्हाचे कवडसे पाठीवर. मला ती दुपार अजून अंगावर आठवते. ह्या फ्लॅटमध्ये ऊन येतं तेसुद्धा ग्रिलच्या पट्ट्यापट्ट्यांनी.

आणि ह्याच दिवसांत चोर यायचे. शहरातल्या माणसाला वाटतं चोर म्हणजे दागिने, टीव्ही. मळ्यातला चोर विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेतो. आत तांबं असतं ना. त्याला त्या तांब्याचे काय चार पैसे मिळत असतील ते मिळोत; इकडे पाणी बंद. मण्यात पाणी भरायच्या वेळी बागेचं पाणी तुटलं की वर्षाची मेहनत मातीत. आमच्या शेजारच्या मळ्यात असंच झालं. संजयचे वडील बांधावर डोकं धरून बसले होते आणि संजय, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला, कापलेलं टोक हातात घेऊन शिव्या देत होता. नाना गेले, त्या टोकाकडे बघत राहिले, आणि घरी येऊन जेवलेच नाहीत. “आज त्यांचं गेलं,” एवढंच म्हणाले. तेव्हाच मी समजायला हवं होतं की हा माणूस आता घरात राहायचा नाही.

मारुतीच्या पारावर त्यांनी माणसं जमवली आणि गावचं सुरक्षा दल उभं राहिलं. पोलीस ठाण्याच्या साहेबांनी दिंडोरीला सगळ्यांना ट्रेनिंगला बोलावलं. शाळा त्यांची लवकरच सुटली होती, त्यानंतर नाना पहिल्यांदाच शिकायला गेले. आले ते गळ्यात शिट्टी अडकवून! नवरदेवाला हार घालतात ना, तसे फुगलेले. मला समोर बसवून सगळी शिकवणी म्हणून दाखवली. एकट्यानं जायचं नाही. चोराच्या मागं अंधारात धावायचं नाही. डोक्यात मारायचं नाही, वेळच आली तर नडगीवर. गाडी दिसली की नंबर पाहून ठेवायचा. हातात सापडला तर आपण न्याय करायचा नाही, ठाण्याला फोन करायचा. मी भाकऱ्या थापत ऐकत होते. म्हटलं, “आणि बायकोनं हाक मारली तर यायचं की नाही, ते शिकवलं का?” त्यावर शिट्टी फुंकली माझ्या कानाशी. तवा हातातून पडायचा राहिला.

पण एक गोष्ट साहेबांनी शिकवलेली नव्हती, ती नानांची स्वतःची. द्राक्षाच्या बागेत माणूस ओळखू येत नाही. वर मांडव, मध्ये घड, त्यामुळे लांबून फक्त गुडघ्याखालचे पाय दिसतात. आता पायांवरून आपला कोण आणि परका कोण, कसं ठरवणार? दोनदा आपल्याच माणसांनी आपल्याच माणसाला चोर समजून आरडाओरडा केला. म्हणून नानांनी खूण काढली. खूण म्हणजे एक शब्द. दर आठवड्याला पारावर ते एखाद्या गावाचं नाव सांगायचे, एकदा नामपूर, एकदा विंचूर, असं. दिवस मावळल्यावर बागेत कोणाचे पाय दिसले की हाळी द्यायची, “खूण?” आपला असेल तर तो गावाचं नाव घेईल. गप्प राहिला किंवा पळाला, तर परका. शिट्टी वाजवायची. हे इतकं सोपं होतं की गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा पाठ झालं. नाना म्हणायचे, “चोर कशाला हुडकायचा? आपला माणूस तेवढा ओळखायचा. राहील तो चोर.”

मग काय विचारता! हंगाम आला की सगळ्यांच्या बागा राखणारा माणूस आणि घरी मी. प्रशांत, आमचा मुलगा, शिकायला नाशिकला. मळ्यातलं घर गावापासून लांब, हाक ऐकू जाणार नाही इतकं. दिवस कलला की नाना टोपी, काठी, बॅटरी, शिट्टी घेऊन निघायचे ते उजाडता उजाडता परत. मी किती भांडले असेन! “लग्न माझ्याशी केलंय की ह्या शिट्टीशी?” ते हसायचे. “अगं, तुला कोण काय करतंय? तुझा आवाज ऐकला तरी चोर वाट बदलेल.” गावातही माझी तीच ख्याती होती. काकूंना भीती ठाऊक नाही, काकू म्हणजे वाघ. मीही तो मान मिरवला. पण खरं सांगते, आतून मला राग होता. सगळ्या गावचा राखणदार, सगळ्यांच्या विहिरी, सगळ्यांच्या बागा, आणि माझ्या वाट्याला काय तर सकाळी दारात चिखलाचे बूट. हा माणूस मला पुरता कधी मिळालाच नाही, असं मला वाटायचं. म्हातारपणी तरी मिळेल ह्या आशेवर मी दिवस काढले.

ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले आहे तो आला तेव्हा आमच्या शिवारातल्या चोऱ्या थांबून बरीच वर्षं झाली होती. आजूबाजूच्या गावांत केबली जात होत्या, आमच्याकडे नाही. साहेब बदलून नवे आले होते, ते स्वतः मळ्यात चहाला आले. म्हणाले, नाशिकला मोठा कार्यक्रम आहे, ज्या गावांनी चोऱ्या रोखल्या त्यांचा सत्कार, तुमच्या गावाचं नाव वर पाठवलंय. आणि नाना, तुम्हाला पुढच्या ट्रेनिंगला घेतोय. नाशिकला राहायचं, शिकायचं, आणि मग गावोगाव जाऊन दुसऱ्यांची दलं उभी करायची.

साहेब गेल्यावर नाना बांधापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, “मास्तर केलं की गं मला.” त्यांचे डोळे भरले होते. मी काही टोमणा मारणार होते, तो गिळला.

त्याच सुमारास सुरू झालं होतं. अगदी बारीकसारीक. मोटार चालू करून आले आणि परत चालू करायला निघाले. संजयला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक. जेवण झाल्यावर ताटावर बसून “वाढ की.” मी म्हटलं वय झालं, जागरणं फार झाली. आणि एके संध्याकाळी काठी घेऊन निघालेले नाना उंबऱ्यात थांबले, वळले आणि हळूच म्हणाले, “अगं, ह्या आठवड्याची खूण काय सांगितली मी?”

पारावर त्यांनी काय सांगितलं ते मला कसं ठाऊक असणार? मी तशीच संजयच्या घरी गेले, इकडचं तिकडचं बोलत शब्द काढून घेतला आणि येऊन त्यांना सांगितला. तेव्हापासून रोजचं तेच झालं. ते निघताना मी कानात शब्द सांगायची, ते मान हलवायचे. बाहेर कोणाला पत्ता नाही. प्रशांतलाही नाही. का लपवलंस, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. लपवलं! पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन. त्या माणसाला आयुष्यात एकदा कोणी मास्तर म्हणणार होतं. तेवढा हंगाम निभावून न्यायचा, तेवढा सत्कार होऊ द्यायचा, मग काय व्हायचं ते होऊ दे, एवढंच माझं मागणं होतं.

ते काही निभावलं नाही. बाग तोडणीला आली होती. क्रेट येऊन पडले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं यायची होती. दिवस मावळायच्या बेताला मी शेळीला पाला टाकायला मागे गेले आणि नाना माझी वाट न बघता निघून गेले. मी हाक मारत बांधापर्यंत गेले तर शिट्टी ऐकू आली. आधी एक, मग चारी बाजूंनी. मला त्या आवाजातच कळलं. मी धावले. ह्या वयात, पदर खोचून, ढेकळांतून.

संजयच्या बागेत घोळका जमला होता. संजय ओळीत खाली बसला होता आणि त्याच्या मांडीवर नानांचं डोकं. बॅटरी बाजूला पडून जमिनीवरचा पाला उजळत होती. संजय हुंदके देत सांगत होता, “काकू, पाय दिसले म्हणून खूण विचारली. दोनदा विचारली. बोलले नाय. उलटे पळायला लागले. मी… नडगीवरच मारली हो काकू. नानांनीच शिकवलंय. नडगीवरच मारली.”

नानांच्या पायातून रक्त येत होतं. पण ते रडत नव्हते, चिडले नव्हते. संजयच्या पाठीवर थोपटत होते. “बरोबर केलंस पोरा,” ते म्हणत होते. “खूण नाय सांगितली तर सोडायचं नाय.” मग मला बघून म्हणाले, “आलीस व्हय? हळद आण बरं घरून.” मला ओळखलं. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं. बाकी सगळं विसरा, म्हटलं, मला तेवढं ठेवा.

घरी आणून पाय बांधला. गावातले कर्ते लोक अंगणात उभे राहून कुजबुजत होते, आणि त्या सगळ्यांना आता ठाऊक झालं होतं. संजय माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. चांगला दोन लेकरांचा बाप. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, “गप. तू नसतंस मारलं तर त्यांनीच तुला झापलं असतं.” हे खरंही होतं. पण तो गेल्यावर मी चुलीपुढे बसून रडले, कारण मला त्याचा राग येत नव्हता आणि कोणाचा तरी यावा असं फार वाटत होतं.

प्रशांत नाशिकहून आला, नानांना डॉक्टरला दाखवून आणलं. म्हणाला, “आई, बास. कार्यक्रमाला नाही न्यायचं. स्टेजवर काही बोलले तर? लोक हसतील.” मी म्हटलं, “हसू दे की! ज्यांच्या विहिरी राखल्या तेच हसणार असतील तर मला बघायचंच आहे कोण कोण हसतं ते.” तो म्हणाला, “अगं, त्यांना कळणारसुद्धा नाही.” त्यावर मी काय म्हटलं ते लिहीत नाही. स्वतःच्या मुलाला बोलू नये असं बोलले. शेवटी संजय म्हणाला, “मी असतो त्यांच्या बाजूला. पायरी चढताना धरतो.” आणि ठरलं.

मी त्यांना पांढरा सदरा, जाकीट घातलं, टोपी घातली. पाय अजून बांधलेला. मोठं सभागृह, पंखे, पुढे खुर्च्यांवर खाकी वर्दीतले मोठमोठे साहेब. कुठकुठल्या गावांची माणसं आली होती. बायकांची दलं होती, एकीनं तर लुगड्यावर शिट्टी अडकवली होती, मला फार बरं वाटलं तिला बघून. गावाचं नाव पुकारलं. नाना उठले. संजयनं कोपराला धरलं होतं. शाल घातली, नारळ दिला, ढाल हातात ठेवली. एवढ्यावर खाली आले असते तर सुटले असते, पण सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईक पुढे केला. “नाना, दोन शब्द.” कपाळ माझं! मी पदर तोंडात धरला.

आणि नाना बोलले. काय बोलले म्हणून सांगू! एक शब्द अडखळला नाही. बागेत फक्त पाय दिसतात इथून सुरुवात केली. लोक हसले, चांगलं हसले. शिट्टी कशी वाजवायची, दम कुठे घ्यायचा, मोटारीच्या पेटीला कोणतं कुलूप, दलातल्या माणसाला दारू का चालत नाही, परगावच्या मजुरांना उगाच चोर का म्हणायचं नाही, “बिचारी पोटासाठी आलेली, त्यांची बी राखण करायची आसती” हे सांगताना तर एक मोठे साहेब मान डोलवत होते. आणि शेवटी तेच आपलं, “चोर कशाला हुडकायचा? आपला माणूस तेवढा ओळखायचा.” टाळ्या थांबेनात. प्रशांत उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं झालं, सगळं परत आलं, डॉक्टर चुकला, आम्ही चुकलो.

नाना खाली आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ढाल मांडीवर घेतली. जरा वेळानं माझ्याकडे झुकले. मला वाटलं विचारतील, कसं झालं गं? ते म्हणाले, “बाई, कोण्या गावच्या तुम्ही? तुमच्या गावात दल हाय का?”

मी म्हटलं, “आहे.” दुसरं काय म्हणणार? समोर कोणाचा तरी सत्कार चालू होता, फोटो निघत होते. “चांगलं हाय,” ते म्हणाले. “बायांनी बी शिकून घ्यावं.”

कार्यक्रम संपल्यावर साहेब आले, म्हणाले, नाना, ट्रेनिंगची पुढची तुकडी लवकरच आहे, तयारीत राहा. प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेव्हा संजय पुढे झाला. “साहेब, नाना मला शिकवतात. मी येतो. मी शिकवीन त्यांच्यासारखं.” साहेब काय समजायचं ते समजले असावेत. त्यांनी नानांना कडक सलाम केला, नानांनीही केला, आणि आम्ही निघालो.

मळ्यात पोचलो तर ऊन उतरलं होतं. प्रशांतनं गाडीचं दार उघडलं, नाना उतरले, फाटकापर्यंत आले आणि थांबले. मी पुढे होऊन म्हटलं, “चला ना.” ते जागचे हलेनात. “असं कोणाच्या घरात शिरू नये,” म्हणाले. “मालक घरात नाय. आधी मालकाला येऊ द्या.” प्रशांत म्हणाला, “बाबा, तुम्हीच मालक.” त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं मागे सरलं. आयुष्यभर लोकांना जे शिकवलं ते हाडात भिनलेलं. परक्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत. मग मी पायऱ्या चढून वर गेले, डोक्यावरून पदर घेतला आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हटलं, “या, नाना. घर तुमचंच आहे. या, बसा.” तेव्हा ते आत आले. जोडे बाहेर काढून, खुर्चीच्या कडेला टेकले. मी पाणी दिलं. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याला, मी पाहुण्याचा तांब्या दिला.

त्यानंतर मळा वाट्यानं दिला आणि इकडे नाशिकला, प्रशांतकडे आलो. सून, नातवंडं सगळी चांगली आहेत, माझी कोणाविषयी तक्रार नाही. संजयनं ते ट्रेनिंग केलं. आता तो गावोगाव जातो, पार नामपूरपर्यंत शिकवून आला. हंगामात एक क्रेट घेऊन येतो, देठाला धरून एकेक घड ताटात ठेवतो. मागच्या आठवड्यात आला तेव्हा नानांनी त्याला समोर बसवून पहिल्यापासून सगळं शिकवलं. एकट्यानं जायचं नाही, नडगीवर मारायचं. संजय मन लावून ऐकत होता, मध्येच शंकासुद्धा विचारत होता. जाताना त्यांच्या पाया पडला आणि त्याच नडगीवर हात ठेवून जरा जास्त वेळ तसाच राहिला. नाना म्हणाले, “नवा दिसतोय. पण कामाचा हाय.”

आता ते मला पुरते मिळाले आहेत. दिवसरात्र. कुठे जात नाहीत, शिट्टी नाही, जागरण नाही. मी हेच मागितलं होतं ना? मग बस आता त्यांच्याजवळ, असं मी स्वतःला म्हणते. बसते. त्यांच्याशी बोलते. ते मला ‘तुम्ही’ म्हणतात, मी वाढलं की ‘कशाला त्रास घेतला’ म्हणतात. इतकं गोड ते माझ्याशी कधी बोलले नव्हते आणि मला त्यातला एक शब्द सहन होत नाही. एकदा तरी ओरडावं, अगं ए, मीठ कुठं गेलं कालवणातलं, असं म्हणावं.

संध्याकाळ झाली की मात्र बेचैन होतात. खाली टेम्पोंचे दिवे लागतात आणि हे उठून उभे राहतात. “निघतो मी बाई. आमची मंडळी एकटीच हाय मळ्यात.” रोज. सून म्हणते, आई, तुम्ही त्यांना सांगा ना तुम्हीच त्या म्हणून. सांगून पाहिलं. ते कसंनुसं हसतात, वेड्या बाईला दुखवू नये म्हणून हसावं तसं. म्हणून आता मी सांगत नाही. बसा, प्रशांत येईल, तो सोडेल, म्हणते. मग बसतात.

काल माझंच काहीतरी बिनसलं होतं. दिवसभर गुडघे दुखत होते, दुपारी त्यांनी औषध थुंकलं होतं. संध्याकाळी ते उठले, म्हणाले, “निघतो. मंडळी एकटी हाय.” मी म्हटलं, “तिची कसली एवढी काळजी तुम्हाला? भारी खमकी बाई आहे म्हणे. सगळं गाव म्हणतं, तिला भीती ठाऊक नाही.”

ते वळले. माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

“गावाला काय म्हाईत?” ते म्हणाले. “घाबरती ती. लय घाबरती. मी भाएर पडलो की लगेच कडी लावत नाय, माझ्या कानी आवाज जाईल म्हणून. मी लांब गेलो आसं वाटलं की मग हळूच लावती. मी आपला बांधाच्या पल्याड अंधारात उभा राहतो. कडी वाजली की मग पुढं जातो. तिला कधी कळू नाय दिलं. खमकी हाय, तिला वाईट वाटायचं.”

मी त्यांना हाताला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत हे माझ्याजवळ कधी बोलले नाहीत, आणि काल सांगितलं ते कोणाला, तर गॅलरीत शेजारी बसलेल्या कुठल्याशा बाईला.